वॉर्डामागच्या सात चुली

पेशंटचा डिस्चार्ज होतो, किश्श्यांचा होत नाही! नर्सची नोकरी करून मी घरी बसले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन बघते तर किस्सेही न मागता सोबत आलेले. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींना 'ओव्हर' देतो. कोणाला सलाईन चालू आहे, कोणाचा ताप उतरला नाही, ते सगळं सांगायचं आणि मग पर्स उचलायची. त्या ओव्हरमध्ये औषधांसोबत किस्सेही पुढच्या शिफ्टला जातात. चार जणींच्या तोंडून फिरून परत आपल्याकडे आले की बाप्पा, ओळखू येत नाहीत इतके फुगलेले असतात!

मी सांगते ते फुगवलेले नाहीत. हसू आलं तिथे हसा, मला राग नाही. शेवटच्याला मात्र मी अजून हसलेली नाही.

गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं एक ग्रामीण रुग्णालय होतं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत. तीस खाटा, एक जीप, पुढे डांबरी रस्ता. मागे भाताची खाचरं, म्हणजे धानाच्या बांध्या, त्यांच्यापलीकडे नाला, नाल्यापलीकडे जंगल. मी शाहीन, आरमोरीची. तिथे अब्बांचं टेलरिंगचं दुकान होतं. आमच्या इनचार्ज सिस्टर मंदाबाई, चिमूरच्या, उंच आणि तोंडाने फटकळ. आणि लहानूभाऊ, हुद्दा वॉर्डबॉय, वय पन्नाशीपार, घरी दोन नातवंडं!

वॉर्डाच्या मागच्या भिंतीला लागून सात चुली होत्या. तीन-तीन दगडांच्या. पेशंटसोबत आलेल्या बाया तिथे रांधायच्या, तिथेच झोपायच्या, तिथेच भांडायच्या. त्या कोणी मांडल्या, कधी मांडल्या, कोणाला माहीत नाही. कोणत्याही सरकारी कागदावर त्या नव्हत्या.

हे किस्से त्या चुलींचे आहेत, आणि सुकमी नावाच्या एका बाईच्या बाळाचे. सुकमीची दोन बाळं गेली होती. तिसरं पोटात होतं. ते हातात देईन असं मी तिला कबूल करून बसले होते.

* * *

सगळ्यात नंतरचा किस्सा आधी सांगून टाकते.

नागपूरला ट्रेनिंग होतं. मोठा हॉल, फाईल, पेन, दोनदा चहा-बिस्कीट. शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. फळ्यावर विषय लिहिला, 'आरोग्यसेवा: एक कॉम्प्लेक्स अडॅप्टिव्ह सिस्टम'. माझ्या शेजारच्या भंडाऱ्याच्या सिस्टरने ते उतरवून घेताना तीनदा खोडलं.

मॅडम चांगल्या होत्या, उगाच जड बोलत नव्हत्या. म्हणाल्या, "घड्याळ उघडून एकेक चाक पाहिलं की घड्याळ कळतं. हॉस्पिटल तसं कळत नाही. त्यात माणसं असतात. ती एकमेकांकडे बघून वागणं बदलतात. वरून हुकूम नसला तरी आपली आपण घडी बसवतात. आणि तुम्ही एका ठिकाणी लहानसा बदल केला, तर परिणाम भलतीकडेच दिसतो!"

मला अब्बांची मशीन आठवली. इथे एक दोरा ओढला की चुणी तिसरीकडेच पडते, आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं.

मग मॅडमनी कागद वाटले. आपापल्या वॉर्डाचं चित्र काढा म्हणाल्या. सगळ्यांनी खाटा काढल्या, टेबल काढलं, औषधांचं कपाट काढलं. मंदाबाईंनी मोठे सात गोल काढले, आणि कोपऱ्यात एक बारीक चौकोन.

मॅडम वाकून बघू लागल्या. "हे गोल काय आहेत?"

"चुली."

"आणि वॉर्ड?"

मंदाबाईंनी चौकोनावर पेन टेकवलं.

"पण सिस्टर, चुली तर वॉर्डाच्या बाहेर असतील ना?"

"मॅडम, आमचा वॉर्ड तिकूनच चालते!"

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची ओढून आमच्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे सगळं मी पुस्तकांतून शिकले. तुम्ही कुठे शिकलात?"

"चूक करून," मंदाबाई म्हणाल्या.

पुढे त्यांनी बरंच विचारलं. आम्ही दोघी चहा पीत राहिलो.

* * *

माझं नोकरीचं पहिलं वर्ष. नव्वदीचा काळ, नवी पांढरी साडी आणि डोक्यात नर्सिंग स्कूलची सगळी शिस्त! भेटीची वेळ चार ते सहा म्हणजे चार ते सहा.

दुपारी एक वाजता एक म्हातारी जाव्याचं पातेलं घेऊन सरळ आत आली. जावा म्हणजे तांदळाच्या कण्यांची पातळ पेज, तिकडे सगळे पितात. मी तिला दारातच अडवलं.

"आजी, भेटीची वेळ नाही ही."

"मी भेटाले नाई आली. पाजाले आली."

"कोण तुमचा पेशंट?"

"माहा कोनी नाई. माही सून काल घरी गेली. मी सबले पाजतो."

आता हिला काय बोलायचं! मी तिला हात धरून बाहेर काढलं. जाता जाता ती म्हणाली, "बरं बाई. पन खिडकीजवळच्या खाटेची पोरगी पाहाय. काल दोन वाट्या पिली, आज तोंड फिरवते. म्हनते, डोये दुखते."

मी म्हटलं हो हो, बघते. तीस पेशंट आणि मी एकटी. बघणार कधी? पण मनात खुटखुट राहिली म्हणून बीपीचं मशीन घेऊन गेले. ती पोरगी कालच बाळंत झालेली होती. पारा चढतच चालला! मी ओरडले, डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं. पोरीला झटके यायच्या आधी आम्ही पोचलो होतो. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरच म्हणाले.

संध्याकाळी मी मंदाबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल.

मंदाबाई म्हणाल्या, "त्या बुढीले काढलं तू बाहेर?"

"हो."

"ती माही दुपारची सिस्टर आहे, शाहीन. तिले कोन काढते?"

दुसऱ्या दिवशी मी मागे जाऊन म्हातारीची माफी मागितली. तिने मला एक वाटी जावा पाजला. मी सगळा पिते की नाही, ते बघत बसली.

* * *

मंदाबाईंनी एकदा खाटांना नंबर टाकून घेतले. लहानूभाऊने लाल रंगाने एक ते तीस असे झोकदार आकडे काढले. केसपेपरवर खाटेचा नंबर, औषधाच्या ट्रेवर खाटेचा नंबर. सगळं कसं चोख!

तिसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टर म्हणाले, "चार नंबर, हर्नियाचं ऑपरेशन. टाके बघू."

चार नंबरवर एक गरोदर बाई बसली होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लहानूभाऊकडे.

"साहेब, चार नंबर बारावर गेला."

"अन् बारा?"

"बारावाला घरचा आठव काढून रडे, म्हनून त्याच्या गावच्या मानसाजवळ निजवला. तो वीसवर आहे. वीसवाली वारा लागते म्हने, ती इथी आली."

"कोणाला विचारून?"

"कोनाले पुसाव लागते, साहेब? त्यायनंच ठरवलं."

मी चिडले. सगळ्यांना उठवून आपापल्या नंबरावर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच! तीन दिवस मी हा खेळ खेळले. चौथ्या दिवशी मंदाबाईंनी मला दारात उभं केलं आणि म्हणाल्या, "बोलू नको. फक्त पाह्य."

मी पाहिलं. सगळ्यात जास्त आजारी असलेले तिघं दाराजवळच्या खाटांवर होते, अगदी माझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर. बरे होत आलेले भिंतीकडे सरकले होते. खोकणारे खिडकीशी. ज्याला फक्त गोंडी येते, त्याच्या शेजारी दोन्ही भाषा येणारा. हे त्यांनी रात्रभरात कधी जमवलं, मला आजही माहीत नाही. मला कोणी सांगितलं असतं तरी इतकं नीट लावता आलं नसतं.

मंदाबाईंनी नंबर खाटेवरचे काढून पेशंटच्या मनगटावर चिकटपट्टीने लावायला सांगितले. लहानूभाऊ बिचारा आठवडाभर नाराज होता. त्याचे आकडे खरंच सुंदर होते.

* * *

सुकमी पहिल्यांदा आली ती सासूसोबत, बैलगाडीने. गाव नाल्यापलीकडे आत, मुलचेऱ्याच्या बाजूच्या जंगलात. सुकमी बुटकी, बारीक, बोलतच नव्हती. बोलायचं काम सासूचं. तिचं नाव बुधीबाई.

आमच्या जुन्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड अरुंद आहे. दोन्ही बाळं अडकूनच गेली असणार. हिचं घरी होणार नाही. कळा सुरू झाल्यावर निघून उपयोग नाही. आठ दिवस आधी इथे येऊन राहिली पाहिजे, म्हणजे जीपने चंद्रपूरला नेऊन सिझर करता येईल."

मी ते सगळं बुधीबाईला समजावलं. हळूहळू, तीनदा. तिने ऐकून घेतलं. सिझर म्हणजे काय, जीप कशी, चंद्रपूर किती दूर, काही विचारलं नाही. उठली आणि थेट वॉर्डामागे गेली.

सातही चुलींजवळून फिरली. एकीच्या राखेत हात घातला. तिथल्या बायांशी काहीबाही बोलली. मग कोपऱ्यातल्या चुलीपाशी उकिडवी बसली आणि मला म्हणाली, "आमी आलो का हे चूल देशीन?"

"देईन."

"इथल्या बाया म्हनते, तू डोकशाची गरम आहे पन हाताची चांगली आहे."

बाप्पा! मी लाजले की रागावले, आठवत नाही.

"मंग आनतो हिले," बुधीबाई म्हणाली. "आठ दिवस आधी आनतो. दोन पोरं मी माह्या हातानं पुरले, बाई. तिसरं नाई पुरत."

तेव्हा सुकमीने पहिल्यांदा वर पाहिलं. मी तिचा हात धरला आणि बोलून गेले, "बाळ हातात देईन तुझ्या."

असं कधी म्हणायचं नसतं. पहिल्या वर्षाला शिकवतात ते. पण म्हटलं ते म्हटलं. घरी येऊन कॅलेंडरवर दिवाळीनंतरच्या एका तारखेला गोल केला, आणि त्याच्या आठ दिवस आधी आणखी एक.

* * *

त्याच वर्षी जुने डॉक्टर बदलून गेले आणि सबनीस साहेब आले. आता तुम्ही म्हणाल, हा व्हिलन! नाही हो. इतका चांगला डॉक्टर आमच्या दवाखान्याला क्वचितच मिळाला असेल. सकाळी आठला हजर. पेशंटला हात लावून बघणारा. लहानूभाऊच्या नातीला न्यूमोनिया झाला तेव्हा दोन दिवस तिच्या खाटेजवळून हलला नाही.

पण वॉर्डामागे जाऊन आले की साहेबांचे डोळे लाल व्हायचे.

"सिस्टर, आत दम्याचे पेशंट, टीबीचे पेशंट, कालची ऑपरेशनं. आणि खिडकीतून हा धूर! एक दिवस पडदा पेटेल."

पडदा खरंच पेटला एकदा. थोडाच, पण पेटला.

साहेब हात झटकून बसणारे नव्हते. वर जाऊन भांडून त्यांनी गॅसची शेगडी आणली, स्वयंपाकीण आणली, मागची खोली रंगवून किचन केलं. प्रत्येक पेशंटला दोन वेळा गरम खिचडी. फुकट! कोण नाही म्हणेल? मंदाबाई मुलीच्या लग्नासाठी चिमूरला रजेवर होत्या. साहेबांनी मला विचारलं, "सिस्टर, तुमचं मत?"

मला त्या धुराने वर्षभर खोकला होता. मी म्हटलं, "करू या साहेब. चांगलंच आहे."

दिवाळी झाल्यावर एका सकाळी चुली काढल्या. लहानूभाऊने दगड उचलले. राखेवर पाणी मी ओतलं, माझ्या हाताने. सातही चुलींवर.

लहानूभाऊ शेवटचा दगड हातात घेऊन उभा राहिला. "साहेब, चुली काढल्या. आता बाया कुठी ठेवाच्या?"

"बायका कशाला ठेवायच्या? पेशंटला जेवण आपण देतोय. त्यांनी घरी जावं, कामधंदा बघावा."

"जाते ना, साहेब. आता जाते. पेशंट घेऊनच जाते!"

साहेब हसले. मीही हसले. लहानूभाऊ दगड घेऊन गेला.

* * *

पंधरा दिवसांत वॉर्ड आरशासारखा झाला. जिल्ह्याहून तपासणीचे साहेब आले. त्यांनी बोटाने खिडकी पुसून पाहिली, बोट स्वच्छ! म्हणाले, "वा! किती शांतता आहे."

शांतता असणारच. तीस खाटांवर अकरा पेशंट होते.

त्या अकरांनाही मी पुरत नव्हते. आधी तीस असून पुरत होते! आता सलाईन संपलं तरी हाक येत नव्हती. कोण जेवलं नाही ते कळत नव्हतं, कारण खिचडीची ताटं खाटेखाली सरकवलेली असायची आणि संध्याकाळी कुत्री बाहेर ओढून न्यायची. गोंडी बोलणाऱ्या एका आजोबांना मी दोन दिवस पोटदुखीची गोळी देत होते. ते छातीवर हात ठेवत होते, मला वाटायचं जोहार करतात. साहेबांनी ओळखलं म्हणून निभावलं.

साहेब रोज आकडे बघायचे. कारणं शोधायचे. "धानकापणी चालू आहे." मग, "थंडी आहे." मग, "कोणीतरी अफवा पसरवली असेल." त्यांनी स्वतः पोस्टर लिहिलं, 'दवाखान्यात मोफत जेवण', आणि बाजारात लावून आले.

मंदाबाई परत आल्या तेव्हा मी त्यांना रंगवलेलं किचन दाखवायला नेलं. त्या किचनमध्ये गेल्याच नाहीत. मागच्या रिकाम्या जागेवर उभ्या राहिल्या.

"कोनं ओतलं पानी?"

"मी."

 त्या दिवशी ओव्हर त्यांनी माझ्याऐवजी लहानूभाऊकडून घेतला. 

आणि माझ्या कॅलेंडरवरचा पहिला गोल येऊन गेला. सुकमी आली नव्हती. मी स्वतःला सांगितलं, दोन दिवस इकडेतिकडे होतातच. बाजाराच्या दिवशी नाल्यापलीकडून आलेल्या एकेका बाईला मी गाठून विचारायची, सुकमीला पाहिलं का? त्या मान हलवायच्या. मंदाबाईंनी लहानूभाऊला सायकलवर निरोप देऊन धाडलं, तर अर्ध्या रस्त्यात पावसाळ्यात पूल वाहून गेलेला, सायकल उतरेना, तो परत आला. जीप मागितली, जीप डिझेलसाठी उभी. मग दुसरा गोलही येऊन गेला. मी रोज नमाजात तिचं नाव घेत होते, आणि रोज मनातल्या मनात बुधीबाईला शिव्या घालत होते. शब्द दिला होता ना बाई! आठ दिवस आधी आणते म्हणाली होतीस ना!

* * *

शेवटचा.

ती आली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, कोवळं ऊन होतं. लहानूभाऊ धावत आला. "शाहीनबाई, मांगं या. ते बुढी आली."

बुधीबाई एकटीच होती. नाल्याकडून बांध्यांमधून आली होती, पायांना धसकटं लागून रक्त आलेलं. कोपऱ्यातली चूल जिथे होती, त्याच जागी ती बसली होती. समोर टोपली, वर पळसाची पानं झाकलेली.

"सुकमी कुठी आहे?" मी विचारलं.

"घरी आहे. उठते, बसते."

"बाळ?"

तिने हाताची मूठ उघडून रिकामा पंजा दाखवला.

मग मी काय काय बोलले, ते सगळं सांगवत नाही. ओरडले. "आठ दिवस आधी आण म्हटलं होतं ना! तीनदा सांगितलं होतं! काऊन नाही आणलं? जीप होती, डॉक्टर होता, मी होती इथी! तुझ्या हट्टापायी गेलं ते बाळ!" असं मी दोन बाळं पुरलेल्या, आता तिसरं पुरून आलेल्या बाईला बोलले. मंदाबाईंनी माझा दंड धरला तेव्हा मी थांबले. आवाज ऐकून सबनीस साहेब बाहेर आले होते.

बुधीबाईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आनलं होतं, बाई."

"कुठी आणलं होतं?"

तिने नाल्याकडे हात केला. इथून दिसतं ते मोहाचं झाड, त्याच्याखाली.

"आठ दिवस आधीच आनलं. गाडीतच होती सुकमी. मी इकडं पाह्यलं, धूर नाई. म्हटलं, सकायी पेटवतीन. सकायी बी नाई. दुसऱ्या सकायी बी नाई. सात चुली, एक बी नाई पेटली. मंग मले समजलं."

"काय समजलं?" मंदाबाईंनी विचारलं.

"मयत झाली म्हनून. मयतीच्या घरी चूल नाई पेटवत. अन् पोटुशी बाई तिथी नाई नेत." ती माझ्याकडे वळली. "गाडीवाला म्हने, जाऊन पुसतो. मीच नाई म्हटलं. दुखाच्या घरी कोन पुसाले जाते? गाडी वापस फिरवली."

 इथून ते झाड, हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. दोन दिवस त्या तिथे होत्या आणि मी इथे बाजारकरणींना विचारत फिरत होते.

साहेब पुढे आले. "आजी, आमच्याकडे गॅस... आमच्याकडे तसं कोणी..." एवढं म्हणून थांबले. मग म्हणाले, "तुमच्या सुनेचं बाळ..."

"आमचं गेलं," बुधीबाई म्हणाली. "ते आमचं आमी पाहू."

तिने टोपलीवरची पानं काढली. आत नव्या धानाचे तांदूळ होते, निवडलेले, पाखडलेले.

"मयतीच्या घरी तांदूळ न्याव लागते. तवाच आनाव लागत होते. पन आमच्याच घरी झालं, म्हनून येता नाई आलं. राहून गेलं माह्याकून." तिने टोपली साहेबांच्या पायाजवळ सरकवली आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या घरचं कोन गेलं, साहेब?"

सबनीस साहेब खाली मातीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती टोपली घेतली.